डोळ्यांतली चार कौलं

चिंचवडगावातल्या आमच्या घराच्या छपराच्या उत्तरेकडच्या पाख्याला चार कौलं काचेची होती, बाकी सगळी मातीची. गावात बहुतेकांच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी उजेड पडावा म्हणून एखादं काचेचं कौल असायचंच. मी पुढच्या खोलीत एकदम चार बसवली, तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा घराला भोकं का पाडतोय?" त्या चार भोकांखाली मी पुढे तीस-बत्तीस वर्षं लोकांचे चेहरे काढले आणि संसार चालवला.

या अंकाच्या संपादकांनी 'आपल्या यशस्वी कारकिर्दीविषयी' लिहा असं कळवलं आहे. त्यांचा आग्रह मोडवत नाही आणि विषय तर पटत नाही, अशी माझी पंचाईत झाली. ज्यांचे फोटो चांगले आले ते फोटो घेऊन गेले आणि मला विसरले. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? एक फोटो मात्र माझ्या हातून बिघडला, आणि तो बिघडला हे मला काढतानाच माहीत होतं. तोच सांगतो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहिला होता आणि आसपासच्या गावांतली मुलं शेतातून उठून शिफ्टला जायला लागली होती. आकुर्डीला तेव्हा ज्वारीची शेतं होती. विजेच्या तारा स्टेशनाकडच्या बाजूला आल्या होत्या, गावात आमच्या आळीपर्यंत पोचल्या नव्हत्या. त्यामुळे माझ्या स्टुडिओत दिवा असा नव्हताच. 'स्टुडिओ' हा शब्दही दारावरच्या पाटीपुरता. सकाळी त्या खोलीतली अंथरुणं उचलायची, मागच्या भिंतीवर राखी रंगाचा पडदा सोडायचा, मधे एक लाकडी स्टूल ठेवायचं, की झाला स्टुडिओ. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, नुसता उजेड येतो, शांत आणि दिवसभर सारखा. तो चेहऱ्याच्या एका बाजूला पडायचा. दुसरी बाजू काळी पडू नये म्हणून माझी पत्नी इंदू तिकडे पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून उभी राहायची. धोतरावरून उलटलेला उजेड गालाची सावली उजळायचा. मोठ्या शहरातल्या फोटोग्राफरांकडे यासाठी काय काय सामान असायचं. माझ्याकडे धोतर आणि इंदू.

आजच्या मुलांना फोकस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि सांगितलं तरी त्यासाठी घाम गाळावा लागायचा हे पटत नाही. माझा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे कातडी भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन दुधी काचेत बघायचं. समोरचा माणूस तिथे उलटा दिसतो, डोकं खाली आणि छाती वर. भाता पुढेमागे सरकवत तो स्पष्ट करायचा. मग दुधी काचेच्या जागी मसाला लावलेली काच, म्हणजे प्लेट, सरकवायची, भिंगावरची टोपी काढायची, मनात एक-दोन मोजायचं आणि टोपी परत लावायची.

यात खरी मेख भिंगाच्या तोंडात असते. ते मोठं ठेवलं की उजेड भरपूर आत येतो, पण स्पष्ट येणारा भाग जेमतेम बोटभर जाडीचा. नाक नीट आलं तर कान पुसट. तोंड लहान केलं की नाकापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट, पण उजेड कमी पडतो म्हणून माणसाला तीन-चार आकडे होईपर्यंत हलता येत नाही. आणि आमच्या गिऱ्हाइकांना 'हलू नका' म्हटलं की ते श्वासच बंद करायचे. एका पैलवानाने दम कोंडून गाल इतके फुगवले की त्याच्या आईने फोटो बघून 'ह्यो आमचा न्हवं' म्हणून परत केला.

अंधुक दिवशी आणखी एक अडचण. दुधी काचेत चेहरा आधीच पुसट दिसतो, आणि गालावर काही रेघा नसतात की ज्या बघून फोकस लागला असं म्हणावं. त्यासाठी मी एक युक्ती काढली. इंदू गिऱ्हाइकाच्या डोळ्याशेजारी जुनं पंचांग उघडून धरायची. त्यातली तिथी-नक्षत्रांची बारीक अक्षरं दुधी काचेत उलटी का होईना, वाचता आली की डोळा फोकसमध्ये आला. मग पंचांग बाजूला. लोकांची समजूत झाली की फोटोमास्तर मुहूर्त बघून फोटो काढतात. एकाने तर काळजीने विचारलं, "आज योग कसाय?" मी म्हणालो, "उत्तम." त्याचे खांदे लगेच सैल पडले आणि फोटो सुरेख आला. तेव्हापासून ही समजूत मी कधी खोडली नाही.

कारखान्याच्या गेटपासासाठी येणारी पोरं हा वेगळाच प्रकार. कोट घालूनच फोटो हवा, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. माझ्याकडे एकच कोट, वडिलांचा. तो सडपातळ पोराच्या अंगावर मागून चिमट्यांनी आवळायचा आणि धिप्पाडाच्या अंगावर पाठीत उघडा सोडायचा. पुढून सगळे साहेब. गेटवरच्या पहारेकऱ्याने म्हणे एकाला विचारलं, "तुम्ही भाऊ किती?"

पुण्यात ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते गुरुजी एकच गोष्ट परत परत सांगत. फोकस डोळ्यांवर. डोळे साधले की बाकी माणूस चालवून घेता येतो. काम नीट झालं की नाही हे तपासायची माझी स्वतःची एक खूण होती. धुऊन वाळवलेली प्लेट उजेडाकडे धरायची, हातभिंग लावायचं आणि बुबुळं बघायची. तिथे माझी काचेची कौलं उमटलेली असत. चार चौकोन वेगवेगळे मोजता आले तर फोकस बरोबर आणि उजेडही बरोबर. नुसता एक ठिपका दिसला तर कुठेतरी घाई झाली. चार कौलं आलेल्या प्लेटा फार नव्हत्या. ही माझी फुशारकी समजा किंवा कबुली.

एका हिवाळ्यात मारुंजीहून तान्हाबाई आल्या. पन्नाशीची उंच, काटक बाई. नदीच्या उतारातून, पाण्यातून बैलगाडी स्वतःच हाकत आणली होती. बरोबर नवी सून हौसा, अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्यावरून पदर आणि मान खाली. मुलगा नामदेव औषधाच्या कारखान्यात, त्याची सकाळची शिफ्ट. तो असता तरी आला नसता म्हणा. आईदेखत बायकोशेजारी उभं राहायची रीत नव्हती.

हौसाच्या नाकात नथ होती. ती तान्हाबाईंच्या आईची, मग तान्हाबाईंची, आणि आता सुनेची.

"मास्तर," तान्हाबाई म्हणाल्या, "फोटु भिंतीवर लागायचा हाय. पावनं बगत्यात. नथ नीट दिसाया पायजे."

"सगळंच दिसेल, मावशी."

"सगळं नसलं तरी चालंल. नथ दिसाया पायजे."

हौसाला स्टुलावर बसवलं. "जरा वर बघ," म्हटलं तर तिने सासूकडे बघितलं आणि मान आणखी खाली घातली. इंदूने हलकेच हनुवटी उचलून पंचांग डोळ्याशेजारी धरलं, तेव्हा कुठे मला फोकस लावता आला. प्लेट सरकवली आणि टोपी हातात धरून वाट बघत उभा राहिलो. तेवढ्यात बाहेर गलका झाला. गाडीचा एक बैल शेजारच्या कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलाला लागला होता. तान्हाबाई ओरडत बाहेर धावल्या.

सासू गेली तशी हौसाने मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं.

"ह्या पेटीतनं तुमाला मी दिसते व्हय?"

"दिसतेस. पण उलटी. डोकं खाली."

"अगं बया!" ती म्हणाली. तिला हसू आलं. ते ओठांवर येऊ नये म्हणून तिने दाबलं, आणि ते डोळ्यांतच राहिलं. मी टोपी काढली. एक, दोन. टोपी लावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झकास!"

तान्हाबाई परत आल्या तेव्हा सुनेची मान अजून वरच होती.

"घेतला? असा? मान वर करून?"

"चांगला येईल, मावशी."

"पावन्यांम्होरं सून डोळं वर करून बसली म्हनत्याल लोकं. ह्यो टाकून द्या. दुसरा काढा."

गिऱ्हाइकाचं म्हणणं. मी दुसरी प्लेट घेतली. या खेपेला हौसाची हनुवटी गळ्याला टेकलेली. मान अशी खाली असली की वरून येणारा उजेड कपाळावर आणि नाकावर पडतो, डोळ्यांच्या जागी सावली राहते. त्यात आभाळ भरून आलं. इंदूला पंचांग धरायला डोळ्यांपाशी जागाच उरली नाही. दुधी काचेत त्या सगळ्या अंधुकात एकच गोष्ट चमकत होती, ती म्हणजे नथ. चमकणाऱ्या वस्तूवर फोकस लावायला अक्कल लागत नाही. मी भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवलं, नथेचा मोती टोकदार केला आणि टोपी काढली.

हे सगळं चुकतंय हे मला तेव्हा कळत होतं. ढग जाईपर्यंत थांबता आलं असतं. तोंड लहान करून पोरीला चार आकडे बसवता आलं असतं. पण तान्हाबाईंना बाजार गाठायचा होता, आणि त्यांना नथ हवी होती. मी नथ दिली.

संध्याकाळी मोरीच्या दाराला घोंगडी लावून, कंदिलाला लाल कागद गुंडाळून दोन्ही प्लेटा धुतल्या. सकाळी भिंग लावून बघितलं. दुसरीत नथेचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा, आणि पापण्या धुरकट. पहिलीत हौसा माझ्याकडे बघत होती. दोन्ही बुबुळांत चार-चार कौलं. मी इंदूला हाक मारून दाखवलं. तिला आतापर्यंत प्लेट वाचता यायला लागली होती.

आठवड्याने तान्हाबाई फोटो न्यायला आल्या. नथेवर खूश. "आता कसं," म्हणाल्या, आणि चौकटीत बसवून द्या, पुढच्या बाजारदिवशी नेते, असं सांगितलं. मला राहवलं नाही. पहिली प्लेट उजेडाकडे धरून त्यांना दाखवली.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. प्लेटवर सगळं उलटं असतं. गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. तान्हाबाईंना काळ्या तोंडाची, पांढऱ्या बुबुळांची एक बाई दिसली. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"बया बया! भुतावानी दिसतीया. फोडून टाका ती."

फोटोचा एक कागद खर्ची घालून ती छापून दाखवली असती तर त्यांना सून दिसली असती. तो एक कागद मी वाचवला.

प्लेटा कुणी फोडत नसे. चौकटीची काच पुण्याहून यायची आणि पाहिजे तेव्हा मिळायची नाही. म्हणून आम्ही सगळेच फोटोग्राफर नको असलेल्या प्लेटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकत असू. साय सुटावी तसा मसाला सुटतो, खाली स्वच्छ काच राहते आणि ती मापाने चौकटीत बरोब्बर बसते. त्या आठवड्यात मी अशा आठ-दहा प्लेटा धुवायला काढल्या. हौसाची उचलली तेव्हा इंदूने हात धरला.

"ही ठेवा. किती मोकळी दिसतेय मुलगी."

"ठेवून काय पूजा करायचीय तिची?" मी म्हणालो, आणि प्लेट पाण्यात सोडली. पाणी क्षणभर काळपट झालं.

यानंतर दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी तान्हाबाई दारात उभ्या राहिल्या. एका हाताने एका बाईचा हात धरला होता. त्या बाईच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. बाईचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरला होता. डोळे उघडे होते, पण त्यांवर पांढरा पडदा आला होता. मी ओळखलं नाही.

"वळकलं न्हाई ना?" तीच म्हणाली. "मी मारुंजीची हौसा. तुमी मला उलटी बगितली व्हती."

इंदूने तिला हाताला धरून आत नेलं आणि त्याच स्टुलावर बसवलं.

"गेल्या साली देवी आल्या," तान्हाबाई म्हणाल्या. "जीव ऱ्हायला. डोळं गेलं."

हौसाने फडकं सोडून चौकट बाहेर काढली. माझीच चौकट, आत माझाच फोटो.

"मास्तर, ही माजी पोर," ती म्हणाली. "सारी म्हनत्यात हिचं डोळं माज्यावानी हाएत. मला काय दिसत न्हाई. पर ही मोठी झाली म्हंजी इचारंल, आयचं डोळं कसं व्हतं. मालक ह्यो फोटु बगत्यात न् म्हनत्यात, ह्याच्यात तू न्हाईस, नथ हाय." तिने चौकट मांडीवर ठेवली. "त्या दिशी आदी एक काढला व्हता. मी वर बगितलं व्हतं. तुमी झकास म्हनला व्हता. त्यो हाय का?"

त्या खोलीत इंदू होती, तान्हाबाई होत्या, आणि ती पोर मुठीत आईचा पदर धरून माझ्याकडे टकामका बघत होती.

"फुटली ती प्लेट," मी म्हणालो.

काचेची वस्तू, फुटते. कुणालाही पटावं असं होतं. हौसाला पटलं. "फुटली व्हय," एवढंच ती म्हणाली आणि चौकट परत फडक्यात बांधायला लागली. इंदू माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देववेना, काहीतरी करायचं म्हणून मी चौकट मागितली. "जरा आण इकडे. आत धूळ शिरलीय, साफ करून देतो." मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, फोटो बाजूला ठेवला आणि काच उचलली.

प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात कानशीच्या टोकाने खूण करायची माझी सवय होती. गिऱ्हाइकाचं पहिलं अक्षर आणि आकडा. चौकटीच्या काठाखाली ती झाकली जायची, म्हणून ती पुसायची तसदी मी कधी घेतली नाही. त्या स्वच्छ काचेच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'हौ १'.

सोड्याच्या पाण्यातून काढलेल्या त्या आठ-दहा काचांतली वरची मी उचलली होती, आणि ती तिचीच निघाली. जी प्लेट ती मागत होती तीच दोन वर्षं तिच्या घरच्या भिंतीवर होती, तिच्या धुरकट फोटोवर झाकण म्हणून.

मी काच हातात धरूनच हौसापुढे बसलो. मग सगळं सांगितलं. फुटली नाही, मी सोड्याच्या पाण्यात धुतली. इंदू नको म्हणत होती तरी धुतली. आणि ही बघ, हीच ती काच.

मग तान्हाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तरांचा काय दोस न्हाई. मीच म्हनलं व्हतं, टाकून द्या."

"दावा बरं," हौसा म्हणाली आणि हात पुढे केला. मी काच तिच्या हातात दिली. तिने मांडीवर ठेवून सगळीकडून बोटं फिरवली. मधोमध पुन्हा पुन्हा फिरवली. मग कोपऱ्यात थांबली.

"हे काय खरबरीत?"

"तुझं नाव आहे. पहिलं अक्षर."

"येवढंच ऱ्हायलं व्हय," ती म्हणाली. रागाने नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने काच माझ्यापुढे धरली. "ऱ्हाऊ द्या. आता पोरीसंगं काढा. आन् ह्याच काचंत लावा."

मी कॅमेरा उभा केला. कडक उन्हाळा होता, कौलांतून भरपूर उजेड येत होता. या खेपेला मी भिंगाचं तोंड लहान केलं. हौसाला म्हटलं, पोरीचा गाल तुझ्या गालाला लाव, म्हणजे दोघींचे चेहरे एका रेषेत येतील. इंदूने धोतर धरलं. तिचे दोन्ही हात गुंतले म्हणून पंचांग मी हौसाच्याच हातात दिलं आणि पोरीच्या डोळ्याशेजारी धरायला लावलं.

"काय हाय ह्ये?"

"पंचांग."

"मुहूर्त बगताय? बगा बगा, आता तरी नीट बगा," ती म्हणाली, आणि इंदू धोतरामागे हसली की रडली मला कळलं नाही. अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत मी भाता सरकवला. डोळ्याखेरीज कशावरही नजर जाऊ दिली नाही.

प्रश्न पोरीचा होता. चार आकडे दीड वर्षाचं मूल कसं बसणार? मी टाळी वाजवली, चुटक्या वाजवल्या, खुळखुळा हलवला. ती कधी कौलांकडे बघायची, कधी इंदूकडे, कधी आईच्या पदरात तोंड खुपसायची. दोन प्लेटा वाया गेल्या. तिसरी सरकवली.

तान्हाबाई उठल्या. कनवटीची गाठ सोडून त्यांनी नथ बाहेर काढली. देवी आल्यापासून हौसाने ती घातली नव्हती, आणि घरी ठेवायचा तान्हाबाईंना धीर नव्हता. त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि भिंगाच्या अगदी वर ती नथ चिमटीत धरून हळूहळू हलवायला लागल्या. उजेडात मोती चमकले. पोरीने मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले आणि तिथेच थांबले. मी टोपी काढली.

एक. दोन. तीन. चार.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला अजून दिसते. प्लेट वाळल्यावर भिंग लावून बघितलं. हौसाचा चेहरा आला होता, व्रण आणि सगळं, एकही रेघ मी पेन्सिलीने बुजवली नाही. एरवी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरची मुरुमाची पुटकुळीसुद्धा मी ठेवत नसे. आणि तिच्या गालाला लागून पोरीचे डोळे. हौसाचे डोळे आता जगात दोनच माणसांना इतके नीट आठवत होते असं म्हटलं तर चालेल, एक नामदेवला आणि एक मला. मी खात्रीने सांगतो, ते तेच होते. दोन्ही बुबुळांत चार कौलं.

पुढच्या बाजारदिवशी दोघी आल्या. मी फोटो त्याच चौकटीत, त्याच काचेमागे बसवून ठेवला होता. तान्हाबाई तो घेऊन दारापाशी उजेडात गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. हौसा आतल्या उंबऱ्याशी पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"आत्याबाई, कसा आलाय?"

"नथ न्हाई आली," तान्हाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या नथ. पोरीचं डोळं आलं का?"

तान्हाबाईंनी पदराने नाक पुसलं.

"पोरीचं कशाचं, तुजंच हाएत," त्या म्हणाल्या. "मी टाकून द्या म्हनलं व्हतं, तेच."

हौसा हसली. या खेपेला हसू ओठांवर आलं.